बर्फाला सहाच हात असतात, शालन

शालन, तुझ्या सासूनं काल मला जे सांगितलं, त्यावर माझा विश्वास बसलेला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी गोड बोलायला लागले तर तू फसू नयेस.

काल तुझा दहावा झाला. अंथुर्ण्याहून बारामती, बारामतीहून सांगवी, अशा दोन गाड्या बदलून आले. तुमच्या ओसरीवर बायका रडत होत्या, मी पण रडले, अगदी हुंदके देऊन. आणि रडता रडता कोण कुणाच्या कानाला लागतंय, मला बघून कोण गप्प झालं, चहाचे कप कुठल्या फळीवरून निघाले, सगळं बघत होते. तू असतीस तर कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "झाली का फौजदारीण सुरू?"

झाली. तू नाहीस म्हणून काही स्वभाव बदलत नाही.

आपली ओळखच मुळी संशयातून झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बारामतीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पत्र्याखाली आपण सगळे भाजून निघत होतो आणि पुण्याहून आलेल्या बाई आपल्याला कागदाचा बर्फ करायला शिकवत होत्या. तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. नाव विचारलंस, मी वंदना सांगितलं. गाव विचारलंस, मी माहेर बावडा सांगितलं. मग तू विचारलंस, बावड्यात कुठं? हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. कुठं म्हणजे गावात का वस्तीत, एवढंच माणसाला पाहिजे असतं. मी तुझ्याकडं न बघता तोडून टाकलं, आम्ही बौद्ध. तू म्हणालीस, "बरं. मग डबा उघड की, भूक लागलीया." आणि माझ्या डब्यातली भाकरी मोडून, माझ्या लसणाच्या चटणीला लावून खाल्लीस. मला तुझा राग आला. वाटलं, ही मला दाखवायला खातेय. चार दिवस मी बघत होते, पण तू रोज खाल्लंस, आणि जास्तच खाल्लंस, तेव्हा कुठं मी जरा सैल झाले.

बाई त्या कामाला क्विलिंग म्हणायच्या. तू पहिल्याच दिवशी त्याचं नाव गुंडाळागुंडाळी ठेवलंस. उदबत्तीच्या काडीला टोकाशी चीर द्यायची, त्या चिरीत कागदाची बारीक पट्टी अडकवायची आणि गुंडाळत जायचं. काडीवरून काढली की गुंडाळी आपोआप सैल होते. एका बाजूनं चिमटीत धरली की तिचा थेंब होतो, दोन्ही बाजूंनी धरली की डोळा. मधे एक गोल, त्याच्याभोवती सहा दिशांना हे थेंब आणि डोळे डिंकानं जोडत गेलं की बर्फाचं फूल तयार. मला ते पहिल्या तासात जमलं. तुझ्या फुलाला पाच हात झाले. बाई म्हणाल्या, बर्फाच्या कणाला सहाच हात असतात. तू विचारलंस, का? त्यांनी निसर्गाचा नियम वगैरे सांगितलं. तू माझ्या कानात म्हणालीस, "ह्यांनी तरी पाह्यलाय का बर्फ?"

ते भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मी म्हणायची, सहाच. तू म्हणायचीस, गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जातो त्या बर्फाला किती हात असतात ते दाखव, मग मानते. तुझं पुढचं फूल सात हातांचं झालं. मला वाटतं, तू मुद्दाम करायचीस.

प्रशिक्षण संपलं तरी गुंडाळागुंडाळी सुटली नाही. भिगवण रोडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका कापल्या की कडेच्या लांब पट्ट्या निघायच्या, जाड पांढऱ्या कागदाच्या. तिथला माणूस पोतं भरून देऊन टाकायचा, त्याला तेवढीच जागा मोकळी. मग स्टँडजवळच्या रसवंतीत बसून आपण त्या निवडायच्या. तुला सोनेरी किनारीच्या पट्ट्या हव्या असायच्या. मी म्हणायची, बर्फाला सोनेरी किनार कुठं असते? तू म्हणायचीस, हा लग्नातला बर्फ हाय. रस पिऊन बोटं चिकट व्हायची आणि पट्ट्या बोटांना चिकटायच्या. त्या रसवंतीत मी जितकी हसले तितकी दुसऱ्या कुठं हसल्याचं मला आठवत नाही.

तुझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा आला आणि मी कप बघितला. सगळ्यांचा तसाच होता, निळ्या फुलाचा. तू समोरूनच म्हणालीस, "कप बघून झाला आसंल तर च्या पी. गार हुईल." तुझ्या सासूला, आत्याबाईंना, काही कळलं नाही, आपण दोघी हसलो. पण नंतर माझा कप कुणी उचलला आणि कुठं विसळला, तेही मी बघितलं. आणि मी बघतेय हे तू बघितलंस.

आता मूळ मुद्द्यावर येते.

एका वर्षी तुझ्या डोक्यात आलं की गौरीपुढं हिमालय करायचा. म्हणालीस, "गवरीचं म्हायार हाय ते. माहेराला आल्यासारखं वाटलं पायजे तिला." कापसाचे डोंगर तू करणार, वरून बर्फ पडतोय तो मी करायचा. मी लगेच हो म्हणाले नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, छप्पन साली देव्हारा उचलून ठेवलेलं घर ते. मी कुणाच्या गौरीसाठी रात्रंदिवस कागद गुंडाळत बसणार, हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी बावड्याला गेले तेव्हा सांगितलं. म्हटलं, आबा, फुलं कागदाची आहेत, मी देव थोडाच करतेय, मैत्रिणीसाठी करतेय. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "कर की. पर तितं टांगतील, व्हय?"

तेवढंच बोलले. मला त्यांचा इतका राग आला की मी हट्टानं केली, साडीचं अख्खं खोकं भरून. एकही वाकडं नाही, एकालाही सहाच्या जागी पाच हात नाहीत. मधे कापूस घालून, बारामती स्टँडवर ते खोकं तुझ्या हातात दिलं आणि बजावलं की ह्यांना पाणी लावायचं नाही, रंग लावायचा नाही, काही म्हणता काही करायचं नाही, नुसती टांगायची. तू मान डोलावलीस. व्हय बाई, व्हय.

गौरीजेवणाच्या दिवशी संध्याकाळी मी आले. हळदीकुंकवाला नाही, माझा बर्फ बघायला. खोलीच्या दारात उभी राहिले. कापसाचे डोंगर छान झाले होते. गौरी नटून उभ्या होत्या. आणि वरून नुसते दोरे लोंबत होते, टोकाला काही नसलेले पांढरे दोरे. एकही फूल नव्हतं.

तू आतून ताट घेऊन आलीस, मला बघितलंस आणि तुझा चेहरा उतरला. घाईघाईनं म्हणालीस, "वाऱ्यानं पडली गं समदी."

शालन, लाईट नव्हती. पंखा बंद होता. बायका पदरानं वारा घेत होत्या. बाहेर उसाचं पान हलत नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. आणि खाली फरशीवर, माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, हळदीची जाड रेघ होती. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रेघेच्या आत गौरी आणि तुमच्या भावकीच्या बायका. बाहेर मी.

तू म्हणालीस, "आत ये की. लांबनं काय बघतीस?"

मी म्हटलं, "हितंच बरी हाय मी."

तू परत म्हणालीस, ये की गं. मी गाडीचं निमित्त सांगितलं. पुरणपोळी तू डब्यात बांधून दिलीस, ती मी स्टँडवर एका भिकारणीला दिली. पुढच्या खेपेला आबांनी विचारलं, टांगली का? मी म्हटलं, व्हय, लई झ्याक दिसत व्हती. आयुष्यात त्यांच्याशी तेवढंच खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसरा विषय काढला. त्यांचाही विश्वास बसला नसणार, आमच्या घराण्यातच आहे ते.

त्यानंतर दरवर्षी श्रावण लागला की तुझा विषय निघायचा, यंदा करतीस का फुलं? माझी शाळा, माझी परीक्षा, माझं बाळ, काहीतरी असायचंच. मग तू स्वतः करायला लागलीस, तुझी ती पाच हातांची, आणि मला आणून दाखवायचीस. मी नाव ठेवायची. वरून सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. पण माझ्या मनात ती रेघ तशीच होती, आणि तुझ्याशी बोलताना मी कायम तिच्या अलीकडं उभी राहून बोलायची.

माझ्या मुलीच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तू सुट्टी लागली की यायचीस. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, आणि माझ्या पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायचीस, मी निवांत झोपावं म्हणून. माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नाही एवढं तू केलंस. आणि मी डोळे मिटून पडल्या पडल्या काय विचार करत होते, सांगू? ही कशाची भरपाई करतेय, असा. पोटातून माया वाटायची आणि तिच्या पाठोपाठ हा विचार यायचा. तुझे लाडू मी कधी नीट चवीनं खाल्ले नाहीत, शालन. ह्याचं मला आता फार वाईट वाटतं आणि तुझा रागही येतो.

एकदा रसवंतीत तू पट्ट्या निवडायचं थांबवून म्हणालीस, "वंदे, त्या गवरीच्या वक्ताला..." आणि मी उठले, म्हटलं गाडी लागली. गाडी खरोखरच लागली होती, तेवढं ध्यानात घे. तुला सांगायचंच होतं तर खिडकीखाली उभं राहून सांगता आलं असतं. तू नुसता हात केलास.

काल सगळं आटोपल्यावर आत्याबाईंनी मला खुणेनं आत बोलावलं. त्याच खोलीत. फडताळातून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ह्ये तुझं. शालननं ठिवलेलं." आत एक फूल होतं. माझंच, सहा हातांचं. पिवळं पडलेलं, आणि त्याच्यावर कसलीतरी खरबरीत खपली. उजेडात धरलं तर साखर. विरघळून परत घट्ट झालेली साखर, आणि तिच्यात अडकून वाळलेल्या दोन-चार मुंग्या.

आत्याबाई भिंतीकडं बघत बोलत होत्या. "तिनंच लावली साखर. आपल्या कारखान्याची. म्हणली, बर्फ चमाकला पायजे, बत्तीत कसा लखलखंल बघा. डिंकाचा हात फिरवून वरनं साखर पेरली. आन् सकाळी बघतो तर गवरीच्या त्वांडावर मुंग्या. दोऱ्यावरनं नुसती रांग. मीच म्हणलं, काढ ती समदी. रॉकेलनं पुसलं, हळद टाकली आडवी, तवा कुठं थांबल्या."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"मी म्हणलं, सांग तिला. तर म्हणली, आत्याबाई, तिनं लई बजावलं व्हतं काय लावू नगं म्हणून. आता त्वांड कसं दावू? सांगीन सवडीनं."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांचा हात धरला. मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

आणि गाडीत बसल्या बसल्या माझी फौजदारी सुरू झाली. साखर मागनंही लावता येते. मेलेल्या सुनेचं नाव राहावं म्हणून सासू एवढं बोलू शकते. त्या संध्याकाळी मला बघून त्या उठून का गेल्या? रॉकेलचा वास मला तेव्हा आला होता, ते खरं, पण लाईट नव्हती, कंदील लावला असेल. हळदीचं मी कधीच कुणापाशी बोलले नव्हते, आणि त्यांनी ते आपणहून सांगितलं. पण माझे पाय रेघेपाशी थांबलेले त्यांनी बघितले असतील, तर इतकी वर्षं त्याचं उत्तर तयार करून ठेवायला कितीसा वेळ लागतो? आणि मुळात हळदीनं मुंग्या थांबतात, हे तरी कशावरून? बारामतीपासून अंथुर्ण्यापर्यंत मी तुझ्या बाजूनं एकदा बोलायची आणि तुझ्या विरुद्ध दोनदा. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कोण वारलं? म्हटलं, मैत्रीण. म्हणाली, लई जवळची दिसतीया. मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना.

हेच तर मला पाहिजे आहे, शालन. तू माझी कोण होतीस, ते. मी कुणाला रडतेय ते मला कळायला नको?

म्हणून आज रविवारी सकाळी मी काडी घेतली. पट्ट्या माझ्याकडं अजून आहेत, सोनेरी किनारीच्या पण, तू ठेवून गेलेल्या. एक फूल केलं. तुला दाखवायला मुद्दाम सहाच हातांचं केलं. त्याच्यावर डिंकाचं बोट फिरवलं, साखर पेरली आणि दोरा बांधून मधल्या खोलीत खुर्चीच्या पाठीला टांगलं. ह्यांनी विचारलं, सकाळी सकाळी हे काय मांडलंय? म्हटलं, चौकशी चाललीय. ते पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

खरं सांगू का, खिडकीतनं ऊन आलं आणि ते फूल असं चमकलं की मी बघतच राहिले. एवढं तुझं बरोबर होतं. नुसत्या कागदाला ते तेज नसतं. मी आयुष्यभर पांढऱ्या कागदाला बर्फ म्हणत आले आणि बर्फ कसा दिसत असेल ते तुला सुचलं.

मी स्वयंपाकाला लागले. मुद्दाम तिकडं बघितलं नाही. भाकरी झाल्या, कालवण झालं, हात धुऊन आले तर उंबऱ्याच्या फटीतून रांग निघालेली. खुर्चीच्या पायावरून वर, पाठीवरून दोऱ्यावर, दोऱ्यावरून खाली फुलावर. सहाही हात काळे झाले होते.

मुंग्यांचं तर पटलं. पण रेघेचं बाकी होतं.

मी फूल झटकून परत टांगलं, खुर्ची रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला. उंबरा आणि खुर्ची ह्यांच्या मधे तुमच्याकडं होती तशी जाड रेघ ओढली, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खोलीला वास तोच आला, रॉकेल आणि हळद. त्या संध्याकाळचा. मी पाट घेतला आणि रेघेच्या अलीकडं बसले.

उंबऱ्यातून मुंग्या आल्या. हळदीपाशी आल्या आणि थांबल्या. पुढची मागं वळली, मागची तिला धडकली. काही रेघेच्या कडेकडेनं भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकही आत गेली नाही. भाकरी गार झाल्या तरी मी बघत बसले होते. ह्यांनी दोनदा हाक मारली.

ती रेघ मुंग्यांसाठी होती, शालन. मुंग्यांसाठी होती आणि मी तिच्या बाहेर इतकी वर्षं उभी राहिले. आणि तू मला उभी राहू दिलीस. साखर लावली म्हणून मी रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, दुसऱ्या दिवशी रसवंतीत भेटलो असतो. एवढ्यासाठी सवड बघत बसलीस? तुला कळलं होतं का, मी त्या रेघेकडं कशी बघत होते ते? मला वाटतं, कळलं होतं. नाहीतर ताट हातात घेऊन दोनदा आत ये म्हणाली नसतीस. हे मी आता कुणाला विचारू? ह्याची चौकशी कुठं करू? माझ्या कपाकडं लक्ष असलेलं दुसरं माणूस मी कुठून आणू?

बर्फाला सहाच हात असतात. त्यात मी मागं हटणार नाही. बाकी सगळं तुझं खरं.

मी पाटावरून उठले. साडी जरा वर धरली, हळद पुसली जाऊ नये म्हणून, आणि पाय उचलून रेघेच्या आत ठेवला.

आले गं. आत आले.